तिशी ओलांडलेल्या पुरुषांनी कुठल्या तपासण्या करायच्या आणि कुठल्या सोडून द्यायच्या

मार्च जवळ आला की लॅबमध्ये फुल बॉडी चेकअपवाल्यांची गर्दी वाढते. जुन्या टॅक्स पद्धतीत चेकअपचे ५,००० रुपयांपर्यंत दाखवता येतात हे एक कारण, आणि दुसरं म्हणजे बायकोने नाहीतर मुलीने ऑनलाइन बुक करून दिलेलं असतं म्हणून साहेब आलेले असतात, हातात पॅकेजचा कागद आणि त्यावर मोठ्या अक्षरात ८० टेस्ट, ९० टेस्ट. मी रक्त घ्यायचं काम करतो, डॉक्टर नाही, पण रिपोर्ट हातात पडला की लोक पहिला प्रश्न मलाच विचारतात, दादा हे ठळक अक्षरात आलंय म्हणजे काय, काळजीचं आहे का. काउंटरवर मागे दहा जण उभे असताना याचं नीट उत्तर देता येत नाही, म्हणून इथे सविस्तर लिहितोय.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. स्क्रीनिंग म्हणजे काहीही त्रास नसताना केलेली तपासणी. छातीत दुखतंय, लघवीतून रक्त जातंय, महिन्याभरात वजन उतरलंय, तोंडातली जखम भरत नाहीये, असं काही असेल तर तुम्हाला चेकअप पॅकेज नको, डॉक्टर हवा, आणि तोही आजच. उलट त्रास नसताना कुठली टेस्ट करावी याचे नियम वेगळे असतात. १९६८ साली विल्सन आणि युंगनर यांनी जागतिक आरोग्य संघटनेसाठी हे निकष लिहून काढले आणि आजही जगभर तेच धरून चालतात. थोडक्यात असं, की आजार बऱ्यापैकी कॉमन आणि गंभीर असावा, लक्षणं दिसायच्या आधी तो बराच काळ आतल्या आत चालू असावा, टेस्ट सोपी असावी, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे लवकर सापडल्यावर त्यावर काहीतरी करता यावं. या चाळणीतून पुरुषांसाठी ज्या टेस्ट खाली उरतात त्या फार थोड्या आहेत आणि त्यातल्या बहुतेक स्वस्त आहेत.

मग ८० टेस्ट केल्या तर बिघडलं काय, पैसे माझे आहेत ना, असं लोक म्हणतात. बिघडतं ते असं. रिपोर्टवर उजवीकडे जी नॉर्मल रेंज छापलेली असते, ती बऱ्याच टेस्टमध्ये निरोगी लोकांची मोजमापं घेऊन त्यातले मधले ९५ टक्के धरून ठरवलेली असते. म्हणजे पूर्णपणे ठणठणीत माणसांपैकीसुद्धा ५ टक्के लोक त्या रेंजच्या बाहेर जाणारच, ते गणितातच आहे. आता एकमेकांशी संबंध नसलेल्या २० टेस्ट एका निरोगी माणसावर केल्या तर निदान एक तरी बाहेर जाण्याची शक्यता ६४ टक्क्यांच्या आसपास जाते. ८० केल्या तर सगळं नॉर्मल येणं हीच अपवादाची गोष्ट. मग तो एक ठळक आकडा घेऊन माणूस रात्रभर गूगल करतो, दुसऱ्या दिवशी सोनोग्राफी, मग आणखी काही. जिमला जाणारी पोरं तर हमखास घाबरतात, आदल्या दिवशी जोरदार वर्कआउट केलेला असतो, एसजीओटी वाढलेलं येतं आणि लिव्हर खराब झालं म्हणून टेन्शन, खरं तर हे एन्झाइम स्नायूंमधूनही येतं. क्रिएटिन पावडर घेणाऱ्यांचं क्रिएटिनिन थोडं वाढलेलं दिसू शकतं, किडनी चांगली असूनसुद्धा. हे रक्त घेणाऱ्याला आणि डॉक्टरला आधी सांगा.

आता कामाच्या टेस्टकडे येऊ, आणि सुरुवात बीपीपासून, कारण याच्याइतकी स्वस्त आणि याच्याइतकी चुकीच्या पद्धतीने केली जाणारी दुसरी टेस्ट नाही. जिना चढून धापा टाकत माणूस आत येतो, खुर्चीत टेकतो न टेकतो तोच शर्टाच्या बाहीवरूनच पट्टा गुंडाळतात, एकीकडे फोनवर बोलणं चालू, आणि आकडा येतो १५२. असं नाही करायचं. अर्धा तास आधीपासून चहा, सिगरेट, तंबाखू काही नाही. लघवीला जाऊन या. पाठ टेकून, दोन्ही पाय जमिनीवर, एकावर एक न टाकता पाच मिनिटं शांत बसा. दंड उघडा, हात टेबलावर, पट्टा छातीच्या उंचीला, आणि मोजत असताना बोलायचं नाही. दंड जाड असेल तर मोठा पट्टा मागा, लहान पट्ट्याने आकडा उगाच जास्त येतो. पहिल्यांदा मोजताना दोन्ही हातांचं बघायचं, जो जास्त येईल तो हात पुढे धरायचा. एक-दोन मिनिटांनी परत मोजायचं.

वरचा १४० किंवा खालचा ९०, यातलं एक जरी वेगवेगळ्या दिवशी परत परत येत असेल तर आपल्याकडे त्याला हाय बीपी म्हणतात. अमेरिकेतल्या हृदयरोग संघटनांनी २०१७ मध्ये ही रेषा खाली ओढून १३०/८० केली, म्हणून नेटवर दोन वेगळे आकडे दिसतात. दवाखान्यात गेलं की धडधड होऊन बीपी वाढतं असे कितीतरी लोक असतात, त्यांनी दंडाला लावायचं डिजिटल मशीन घेऊन घरी सकाळ-संध्याकाळ आठवडाभर मोजावं, घरची सरासरी १३५/८५ च्या खाली पाहिजे. मनगटाच्या मशीनवर मात्र फार भरवसा ठेवू नका. आणि मला काही होत नाही, डोकं दुखत नाही, म्हणजे बीपी नाही, हा समज सोडून द्या. बहुतेकांना बीपीने काहीच होत नाही, थेट पॅरालिसिसचा झटका येईपर्यंत. २०२३ मध्ये आयसीएमआर-इंडिॲब या मोठ्या पाहणीचे देशभराचे आकडे आले त्यात हाय बीपीवाले साधारण ३१ कोटी, शुगर असलेले १० कोटींच्या वर, आणि शुगरच्या उंबरठ्यावर उभे असलेले १३ कोटींच्या वर. यातल्या कित्येकांना आपल्याला हे आहे याचा पत्ताच नसतो.

शुगरसाठी तीन पद्धती आहेत. उपाशीपोटीची १०० च्या खाली नॉर्मल, १०० ते १२५ म्हणजे उंबरठा, १२६ आणि त्यावर म्हणजे डायबिटीस. उपाशी म्हणजे किमान आठ तास काही नाही, पाणी चालेल, प्या, उलट शीर सापडायला सोपं जातं. पण फक्त अर्धा कप चहा घेतलाय, त्याला काय होतंय, असं म्हणून हात पुढे करू नका. तंबाखूची गोळीही नको. दुसरी पद्धत म्हणजे ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी, त्यात १४० ते १९९ उंबरठा आणि २०० पासून पुढे डायबिटीस. जेवून दोन तासांनी जी पीपी करतात त्यात पहिल्या घासापासून दोन तास मोजायचे, हात धुतल्यापासून नाही. तिसरी एचबीएवनसी. रक्तातली साखर लाल पेशींमधल्या हिमोग्लोबिनला चिकटत राहते, आणि लाल पेशी साधारण १२० दिवस जगते, त्यामुळे किती हिमोग्लोबिनला साखर चिकटलीय हे बघितलं की मागच्या दोन-तीन महिन्यांचा हिशोब मिळतो. ५.७ च्या खाली नॉर्मल, ६.५ पासून डायबिटीस, मधलं सगळं उंबरठ्यावर. याला उपाशी राहावं लागत नाही, आणि टेस्टच्या आधी आठवडाभर गोड बंद करून आकडा सजवताही येत नाही. पण हिमोग्लोबिन कमी असेल, सिकल सेल किंवा थॅलेसेमिया असेल तर हा आकडा फसवतो. विदर्भात आणि नंदुरबार, पालघरकडच्या आदिवासी भागात सिकल सेल बऱ्यापैकी आहे, तिथल्यांनी हे डॉक्टरला आवर्जून सांगावं. आणि काही त्रास नसताना डायबिटीसचा आकडा आला तर एका रिपोर्टवर शिक्का मारायचा नाही, परत टेस्ट करून खात्री करायची.

शुगरची टेस्ट कोणी कधी करायची? सरकारच्या मोफत तपासणी कार्यक्रमात वय ३० पासून. माझं मत विचाराल तर रक्त द्यायच्या आधी घरात शिवणकामाची टेप शोधा. श्वास सोडून, पोट आत न ओढता, कंबर मोजा. पँटची साइज नाही, ती पोटाच्या खाली सरकलेली असते, टेप बरगडी आणि कमरेच्या हाडाच्या मधोमध आली पाहिजे. पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरपेक्षा जास्त असली की धोका वाढायला लागतो. चेन्नईच्या मद्रास डायबिटीस रिसर्च फाउंडेशनने आपल्या लोकांसाठी एक सोपा स्कोअर बनवलाय, त्यात रक्ताचा थेंबही लागत नाही. समजा माणूस ४५ वर्षांचा, त्याचे २० मार्क. कंबर ९४, त्याचे १०. बैठी नोकरी आणि व्यायाम नाही, त्याचे ३०. आई किंवा वडील, एकाला शुगर, त्याचे १०. झाले ७०. आणि ६० किंवा त्याच्या पुढे गेलं की धोका जास्त, त्याने शुगर तपासलीच पाहिजे. ऑफिसमध्ये बसणाऱ्या किती जणांचा स्कोअर ६० च्या वर जाईल ते तुम्हीच बघा. यातलं वय आणि आई-वडील बदलता येत नाहीत, पण उरलेले ४० मार्क आपल्या हातात आहेत.

आता जी तपासणी कुठल्याच महागड्या पॅकेजमध्ये नीट होत नाही आणि महाराष्ट्रातल्या पुरुषाला जिची सगळ्यात जास्त गरज आहे ती म्हणजे तोंडाची. भारतातल्या पुरुषांमध्ये तोंडाचा कॅन्सर हा सगळ्यात जास्त आढळणाऱ्या कॅन्सरमध्ये आहे, आणि त्याचं कारण आपल्या खिशात असतं, मळलेली तंबाखू, मावा, गुटखा, नागपूरकडे खर्रा. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे तरी कोण काय खातं ते आपण रोज बघतो. या कॅन्सरचं एक वैशिष्ट्य असं की तो उघड्यावर असतो, टॉर्च आणि डोळे एवढ्यावर दिसतो, आणि बऱ्याचदा कॅन्सर व्हायच्या कितीतरी वर्षं आधी तोंडात खुणा दिसायला लागतात. केरळात तिरुवनंतपुरमजवळ १९९६ पासून एक मोठा अभ्यास झाला, ट्रेनिंग दिलेले आरोग्य कर्मचारी लोकांची तोंडं टॉर्चने बघायचे, एवढंच. २००५ मध्ये निकाल छापून आला, तंबाखू किंवा दारू घेणाऱ्यांमध्ये तोंडाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू साधारण एक तृतीयांशाने कमी झाले होते. मशीन नाही, रक्त नाही, फक्त बघणं.

घरी बघायचं असेल तर सकाळी ब्रश झाल्यावर आरशासमोर, मोबाइलचा टॉर्च लावून. खालचा ओठ बाहेर वळवून आतली बाजू बघा, मग बोटाने गाल बाहेर ओढून दोन्ही गाल आतून, विशेषतः जिथे तंबाखूची गोळी ठेवता ती जागा. जीभ बाहेर काढून उजव्या-डाव्या कडा, मग जीभ टाळूला लावून खालची जागा, मग टाळू. शोधायचं काय, तर घासून न जाणारा पांढरा चट्टा, मखमलीसारखा लाल चट्टा (हा पांढऱ्यापेक्षा जास्त धोक्याचा), गाठ, आणि दोन-तीन आठवड्यांत न भरलेली जखम, दुखत नसली तरी. आणि एक, तोंडात तीन बोटं उभी घालून बघा, एकावर एक. जात नसतील, जेवताना तिखट सहन होत नसेल, गाल आतून कडक पडून पांढुरके दिसत असतील तर ते सुपारी-गुटख्याने होणारं सबम्यूकस फायब्रोसिस असू शकतं, आणि त्यातून पुढे कॅन्सर होऊ शकतो. दाढ टोचते म्हणून लागलंय असं म्हणत लोक सहा-सहा महिने काढतात, असं करू नका, डेंटिस्टकडे जा, तो दोन मिनिटांत सांगेल पुढे जायचं की नाही. तंबाखू खाणाऱ्याने ही तपासणी दर वर्षी करून घ्यावी असं मला मनापासून वाटतं. सरकारी कार्यक्रमात ३० च्या पुढे सगळ्यांची पाच वर्षांतून एकदा आहे.

कोलेस्टेरॉलबद्दल फार लांबवत नाही. लिपिड प्रोफाइल तिशीत एकदा करून ठेवा, त्यात एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल बघायचं, आणि तो आकडा एकटा बघायचा नाही, वय, बीपी, शुगर, सिगरेट, घराणं हे सगळं धरून गोळी लागते का ते डॉक्टर ठरवतो. आपल्या लोकांना हार्ट अटॅक पाश्चात्त्य लोकांपेक्षा जवळपास दहा वर्षं आधी येतो, म्हणून पन्नाशीची वाट बघू नका. वडिलांना किंवा भावाला ५५ च्या आत, किंवा आई-बहिणीला ६५ च्या आत अटॅक आला असेल तर ती माहिती कुठल्याही रिपोर्टपेक्षा मोठी आहे. अशा घरातल्यांनी डॉक्टरला विचारून लायपोप्रोटीन ए (कोलेस्टेरॉल वाहून नेणारा एक कण) ही टेस्ट आयुष्यात एकदा करून घ्यावी, ती बरीचशी जन्मतः ठरलेली असते त्यामुळे दर वर्षी करायची गरज नसते.

आणि पॅकेजमधला ईसीजी नॉर्मल आला म्हणजे हृदय ठीक, असं धरू नका. ईसीजी त्या काही सेकंदांत हृदयाची वीज कशी चालतेय ते दाखवतो, रक्तवाहिनीत किती चरबी साठलीय ते सांगत नाही. सकाळी ईसीजी नॉर्मल आणि आठवड्यात अटॅक असं होऊ शकतं. ट्रेडमिल टेस्टचं दुसरं टोक, काही त्रास नसलेल्या, धोका कमी असलेल्या माणसात ती पुष्कळदा खोटी पॉझिटिव्ह येते आणि मग थेट अँजिओग्राफीपर्यंत गाडी जाते. चालताना छातीवर दाब येत असेल तर गोष्ट वेगळी, तेव्हा डॉक्टर सांगेल ते करायचंच.

आता पीएसए, ज्यावर सगळ्यात जास्त गोंधळ आहे. पन्नाशीच्या पॅकेजमध्ये ही टेस्ट न विचारता घातलेली असते, कधी कधी चाळिशीच्याही. प्रोस्टेट ही मूत्राशयाच्या खाली असलेली ग्रंथी, तिच्यात तयार होणारं प्रथिन म्हणजे पीएसए. प्रोस्टेटचा कॅन्सर असेल तर ते वाढतं, पण वयानुसार ग्रंथी नुसती मोठी झाली तरी वाढतं, लघवीचं इन्फेक्शन झालं तरी वाढतं, लघवीची नळी (कॅथेटर) टाकली तरी. लांब सायकलिंग आणि संबंध यांनीही थोडं हलतं, म्हणून टेस्टच्या आधी दोन दिवस दोन्ही नको, आणि इन्फेक्शन होऊन गेलं असेल तर काही आठवडे थांबा. उलट केस गळतीसाठी किंवा प्रोस्टेटसाठी फिनास्टराइड घेत असाल तर आकडा जवळपास निम्मा होतो, मग खरा ६ असेल तो ३ दिसेल आणि सगळे निर्धास्त. ही गोळी चालू असेल तर सांगाच, केसांची आहे म्हणून लपवू नका.

सगळ्यात अवघड भाग पुढे आहे. प्रोस्टेटचे बरेच कॅन्सर इतके हळू वाढतात की माणूस दुसऱ्याच कशाने जातो, त्याला हा कॅन्सर होता हे कळतही नाही. अमेरिकेच्या प्रतिबंधक सेवांच्या टास्क फोर्सने २०१८ मध्ये ५५ ते ६९ वयाच्या १,००० पुरुषांचा हिशोब मांडला होता. पीएसए स्क्रीनिंग केलं तर २४० जणांचा रिपोर्ट कधी ना कधी पॉझिटिव्ह येतो, १०० जणांच्या बायोप्सीत कॅन्सर निघतो, त्यातले ८० जण आज ना उद्या ऑपरेशन किंवा रेडिएशन घेतात, ५० जणांना त्यानंतर ताठरतेचा त्रास राहतो, १५ जणांची लघवी ताब्यात राहत नाही. आणि मृत्यू टळतो एक किंवा दोघांचा. ते एक-दोन जीव कमी मोलाचे आहेत असं मी अजिबात म्हणत नाही, पण किंमत कोण मोजतंय ते कळल्याशिवाय टेस्टला हो म्हणू नये. त्यांचा निष्कर्ष असा की ५५ ते ६९ मध्ये डॉक्टरशी बोलून प्रत्येकाने स्वतः ठरवावं, आणि ७० नंतर रूटीन म्हणून करूच नये. आता बायोप्सीच्या आधी एमआरआय करतात, आणि कमी धोक्याचा कॅन्सर निघाला तर लगेच न कापता फक्त लक्ष ठेवतात, त्यामुळे नुकसान पूर्वीपेक्षा कमी झालंय. भारतात हा कॅन्सर पाश्चात्त्य देशांपेक्षा कमीही आहे. पण वडिलांना किंवा सख्ख्या भावाला झाला असेल तर ४५ पासून डॉक्टरशी हा विषय काढा. बाकी रात्री चार वेळा उठावं लागतं, धार बारीक झालीय, यासाठी स्क्रीनिंगची वाट बघायचीच नाही, ती लक्षणं आहेत, बहुतेक वेळा साध्या वाढीची असतात आणि त्यावर औषध आहे.

पॅकेजमधले ट्यूमर मार्कर, म्हणजे काही कॅन्सरमध्ये रक्तात वाढणारे पदार्थ, सीईए, सीए १९-९, एएफपी वगैरे, हे मात्र काही त्रास नसताना करू नका, स्पष्ट सांगतो. ते प्रामुख्याने कॅन्सर झालेल्या माणसाची ट्रीटमेंट कशी चाललीय ते बघायला किंवा विशिष्ट धोका असलेल्यांसाठी आहेत. नॉर्मल आले म्हणून कॅन्सर नाही असं होत नाही, वाढले म्हणून आहे असंही नाही.

आतड्याच्या कॅन्सरसाठी अमेरिकेत ४५ पासून सगळ्यांची तपासणी करतात, आपल्याकडे प्रमाण कमी असल्याने तसा कार्यक्रम नाही. पण संडासातून रक्त गेलं की मूळव्याध आहे असं स्वतःच ठरवून वर्षानुवर्षं मलम लावत बसणारे पुरुष खूप आहेत. चाळिशीनंतर नव्याने रक्त जायला लागलं, संडासची सवय बदलली, किंवा पुरुष असून लोह कमी होऊन हिमोग्लोबिन उतरलं, तर कुठून तरी रक्त जातंय असं धरून शोध घ्यायचा. पुरुषाचं हिमोग्लोबिन ९ आलं आणि फक्त टॉनिक दिलं तर कशामुळे हा प्रश्न विचाराच.

उरलेल्यात, हिपॅटायटिस बी आणि सी प्रौढ वयात एकदा तरी तपासून घ्या, दोन्ही वर्षानुवर्षं गप्प राहून लिव्हर खातात. सी आता गोळ्यांनी बरा होतो आणि बी ला लस आहे. बीपी किंवा शुगर निघाली असेल तर किडनीसाठी दर वर्षी क्रिएटिनिन आणि लघवीतलं अल्ब्युमिन (एक प्रथिन), आणि शुगरवाल्यांनी डोळ्याच्या पडद्याची तपासणी. नुसता चष्म्याचा नंबर काढून येऊ नका, बाहुली मोठी करायचे थेंब घालून पडदा बघितला का ते विचारा, त्या दिवशी गाडी चालवत जाऊ नका म्हणजे झालं.

यातलं बीपी, शुगर आणि तोंडाची तपासणी फुकट होते. गावात आयुष्मान आरोग्य मंदिर किंवा प्राथमिक आरोग्य केंद्र, शहरात आपला दवाखाना किंवा मनपाचा दवाखाना. आशाताई घरी येऊन ३० च्या पुढच्या प्रत्येकाचा एक फॉर्म भरतात, वय, तंबाखू, दारू, कंबर, व्यायाम, आई-वडिलांचे आजार, आणि या फॉर्मचा स्कोअर (वरच्या चेन्नईच्या स्कोअरपेक्षा वेगळा) ४ च्या वर गेला तर आधी बोलावतात. अडचण एवढीच की त्या येतात तेव्हा पुरुष घरी नसतो, शेतात नाहीतर ड्युटीवर, आणि बायको अंदाजाने उत्तरं देते, तंबाखूबद्दल तर हमखास लपवते. तेव्हा सुट्टीच्या दिवशी आशाताईंना फोन करून आपला फॉर्म आपण स्वतः भरायचा, कंबर त्यांच्यासमोर मोजायची, आणि केंद्रावर जाताना मागचे रिपोर्ट, चालू गोळ्यांची पाकिटं, आयुर्वेदिक असली तरी, एका पिशवीत घालून न्यायची.